अल्पाहारभूषण भाऊसाहेब अस्वल

एका जंगलात, जिथे अस्वलं पाटावर बसून जेवत आणि जेवताना शेजारच्याच्या पानात डोकावत, एका नव्या सुनेने एक वाक्य ऐकलं. ते तिच्यासाठी नव्हतं.

"सगळं पचतं म्हणे हो तिला."

हे आत्याबाई म्हणाल्या. गुहेतल्या आतल्या खोलीत, हळू आवाजात. अस्वलाचा हळू आवाज ओढ्यापलीकडे जातो, ही गोष्ट वेगळी.

"सगळं?" सासूबाईंनी विचारलं.

"कांदा. वाटाणे. फणस. काल हरणांकडे बारशाला माझ्या शेजारी बसून वाटीभर उसळ खाल्ली. मी म्हटलं, आता बघू. तर ही उठून पाळण्याला झोका द्यायला गेली. ढेकर नाही, कळ नाही, काही नाही."

"अगंबाई."

"स्थळ बघताना विचारलं नव्हतं का वहिनी?"

"पत्रिका बघितली, वन्सं. नखं बघितली. पोटाचं विचारायचं सुचलंच नाही."

"आता झालं ते झालं. बाहेर बोलू नका. घराण्याचं नाव आहे."

बाहेर ओट्यावर सून भांडी घासत होती. तिने पातेलं जरा जोरात घासलं.  ती फारशी बोलत नसे. तिचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते आणि अजून सगळ्यांचे स्वभाव बघून व्हायचे होते.

माहेरी तिचं नाव मधुमती होतं. पण सासरी मध बंद होता. लग्नात तांदळात नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासूबाई मुलाच्या कानाशी लागल्या आणि मुलाने मुकाट्याने 'निरामया' असं लिहिलं. मुलगा स्वभावाने चांगला होता. तो डोंगरापलीकडे नोकरीला होता आणि शनिवारी घरी यायचा.

आपण तिला मधुमतीच म्हणू या. सासूबाईंना सांगू नका.

तर बाळांनो, तुम्हाला वाटेल, सगळं पचतं ही चांगली गोष्ट आहे. तुम्ही लहान आहात म्हणून तसं वाटतं. त्या जंगलात तसं नव्हतं. त्या जंगलात ज्याला जितकं कमी पचे तितका तो खानदानी. आणि सगळ्यात कमी पचे ते मधुमतीच्या सासऱ्यांना, भाऊसाहेब अस्वलांना.

भाऊसाहेब एके काळी मोठे खाणारे होते. सिंहमहाराजांच्या दरबारात त्यांना उजवीकडची जागा होती. मधाचा नुसता वास घेऊन ते सांगत, हा करवंदीच्या फुलांचा, हा जांभळीचा. मग त्यांचं पोट बिघडलं. कधी आत ढग गडगडल्यासारखं व्हायचं. कधी चार दिवस काहीच नाही, आणि पाचव्या दिवशी दरबार ऐन रंगात असताना त्यांना झुडपामागे पळावं लागायचं. माकडं हसायची. भाऊसाहेबांनी दरबारात जाणंच बंद केलं.

मग वैद्यीणबाईंना बोलावलं. वैद्यीणबाई म्हणजे घुबड. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, डोळे बघितले.

"आतडं चिडखोर आहे," त्या म्हणाल्या. "जिवाला धोका नाही. पण जगणं नको करून टाकतं. आता नीट ऐका. कांदा, लसूण, गहू, दूध, मध, आंबा, फणस, कडधान्यं, हे सगळं थोडे आठवडे पूर्ण बंद."

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गोष्ट इथेच अडकली आहे.

अस्वलांच्या या घराण्यात सोडण्याची परंपरा होती. पणजोबांनी तीर्थाला जाऊन सीताफळ सोडलं होतं. पणजीने मासे सोडले होते. आजोबांनी अंघोळ सोडली होती, पण त्याचं कारण वेगळं होतं. सोडायची रीत अशी: ओंजळीत पाणी घ्यायचं, पदार्थाचं नाव घ्यायचं आणि पाणी ताम्हनात सोडायचं. एकदा सोडलं की सोडलं. तो पदार्थ पुन्हा तोंडाला लावला, तर वरचे पूर्वज माना खाली घालतात.

त्यामुळे वैद्यीणबाईंनी 'बंद' म्हटल्याबरोबर सासूबाई उठल्या आणि ताम्हन आणायला आत गेल्या. आत्याबाई पाण्याचा तांब्या आणायला गेल्या. भाऊसाहेबांच्या पोटात नेमकी तेव्हाच कळ आली आणि ते झुडपामागे गेले.

"आणि मग," वैद्यीणबाई रिकाम्या खोलीला म्हणाल्या, "एकेक करून परत घालून बघायचं. बाधेल ते सोडायचं, बाकीचं खायचं. कळलं ना?"

कुणी नाही म्हटलं नाही. वैद्यीणबाई उडून गेल्या.

मग भाऊसाहेबांनी आठ वेळा ओंजळीत पाणी घेतलं. मधाच्या वेळी हात थोडा थांबला, असं म्हणतात.

आणि बाळांनो, गुण आला. हे लक्षात ठेवा, वैद्यीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. गडगडणं कमी झालं, कळा कमी झाल्या. भाऊसाहेब पुन्हा दरबारात जाऊ लागले. सिंहमहाराजांनी विचारलं, "काय केलंत?"

"सोडलं," भाऊसाहेब म्हणाले.

 मग कुणीतरी टाळी वाजवली.

त्या दिवसापासून जंगलात सोडण्याची लाट आली. कोल्ह्याने लसूण सोडला. मगरीने दूध सोडलं. सिंहमहाराजांनी गहू सोडला. त्यांनी तो जन्मात खाल्ला नव्हता, पण दरबार भरवून सोडला. लग्नपत्रिकांवर 'कृपया आहेर व कांदा आणू नये' असं छापून येऊ लागलं. पंगतीत आग्रह उलटा होऊ लागला. "घ्या हो आणखी एक," असं म्हणायचं सोडून यजमान हात जोडून म्हणत, "आमच्या आग्रहाखातर तुम्ही आज कोशिंबीर तरी टाका."

टेकडीमागे साळिंदराची कांदाभज्यांची गाडी होती. सगळ्यांनी कांदा सोडल्यावर ती बंद पडायला हवी होती. उलट त्याने दुसरी कढई घेतली. फक्त गिऱ्हाईक आता पुढून न येता झाडीतून यायचं आणि भजी पानात न बांधता पदराखाली मागायचं.

इकडे भाऊसाहेबांचं पोट अधूनमधून पुन्हा बिघडायचं. बिघडलं की घरात चौकशी बसायची. आदल्या दिवशी काय खाल्लं होतं? काकडी? मग काकडी सोडा. भोपळा? सोडा. असं करत करत पानात चारच गोष्टी उरल्या. तांदळाची पेज, उकडलेलं गाजर, कच्चं केळं आणि मीठ.

मधुमती या घरात आली ती इथपर्यंत गोष्ट आल्यावर.

तिने बघितलं की सासरे बसले की त्यांची कातडी त्यांच्यानंतर थोड्या वेळाने बसते. एवढी ती सैल झाली होती. तिने बघितलं की सासूबाई स्वतःही पेजच पितात, कारण नवरा पेज पीत असताना आपण पोळी कशी खायची. जेवण झालं की त्या भाऊसाहेबांच्या तोंडाकडे बघत बसायच्या, कुठे सुरकुती पडते का म्हणून. आणि सासूबाई बघतायत म्हटल्यावर भाऊसाहेबांना सुरकुती पडायचीच.

घरातल्यांच्या बोलण्यातून तिने आणखीही एक गोष्ट हेरली. ज्या दिवशी काकडी बाधली, त्या दिवशी आत्याबाई राहायला आल्या होत्या. भोपळा बाधला त्याही दिवशी आत्याबाईच आल्या होत्या. त्या भावावर जीव टाकत, आणि आल्या आल्या म्हणत, "भाऊ, किती उतरलास रे. काल काय खाल्लंस?" की झालं, भाऊसाहेब झुडपामागे.

पण आत्याबाई सोडता येत नव्हत्या. त्यांच्यावर पाणी सोडायची रीत नव्हती.

एक दिवस सासूबाईंनी मधुमतीला वैद्यीणबाईंकडे ओव्याचं चूर्ण आणायला पाठवलं.

"कसे आहेत सासरे?" वैद्यीणबाईंनी पुडी बांधता बांधता विचारलं. "परत काय काय घातलंत?"

"परत म्हणजे?"

"अगं, सोडलेलं एकेक करून परत घालायचं, असं मी सांगितलं होतं. केव्हाच संपायला हवं होतं ते."

"आमच्याकडे परत घालत नाहीत," मधुमती म्हणाली. "आमच्याकडे पूर्वज माना खाली घालतात."

वैद्यीणबाईंनी डोकं पूर्ण मागे वळवलं आणि पुन्हा पुढे आणलं. घुबडांना ते जमतं.

"मग काय खातायत ते?"

मधुमतीने सांगितलं. त्याला वेळ लागला नाही.

"सूनबाई," वैद्यीणबाई म्हणाल्या, "मी त्यांना शोधायला लावलं होतं. उपाशी मरायला नाही. पोटात चोर एक किंवा दोन असतील. तुम्ही सगळं गावच तुरुंगात घातलंत आणि चौकशी करायला विसरलात."

घरी येताना मधुमतीने जांभळीची वाट धरली. तिथे झाडाच्या ढोलीत मधाचं पोळं होतं. ढोलीशी भाऊसाहेब उभे होते. डोळे मिटलेले, नाक आत.

ती खोकली.

भाऊसाहेब दचकले. "मी खात नव्हतो, सूनबाई. फक्त वास घेत होतो. वासावर पाणी सोडलेलं नाही."

"कसला आहे, मामंजी?"

"काय?"

"मध."

भाऊसाहेबांनी पुन्हा नाक आत घातलं. "जांभळीचा. थोडा करंजाचा मिसळलाय. यंदा करंज उशिरा फुलला." मग ते म्हणाले, "माहेरी तुमचं नाव काय होतं हो?"

"मधुमती."

"हं," भाऊसाहेब म्हणाले. "पत्रिकेत वाचलं होतं मी. मला आवडलं होतं."

तिथेच उभ्या उभ्या तिने त्यांना वैद्यीणबाईंचं उरलेलं अर्धं वाक्य सांगितलं. भाऊसाहेब ऐकत राहिले. मग खाली बसले. कातडी मागाहून बसली.

"म्हणजे पोळी खाल्ली तर चालेल?"

"माहीत नाही. खाऊन बघायची."

"आणि बाधली तर?"

"तर कळेल."

भाऊसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं. "हिला नका सांगू. आमच्या अक्काला, म्हणजे तुमच्या आत्याबाईंना, तर नकोच. मी सांगेन वेळ बघून."

मग त्या दोघांचा कट सुरू झाला. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मधुमती मागच्या अंगणात एक पोळी आणून ठेवायची. आधी चतकोर. मग अर्धी. भाऊसाहेब खायचे, आणि संध्याकाळी गाईला चारा घालायच्या निमित्ताने ती विचारायची, "काय म्हणतंय?"

"शांत आहे," भाऊसाहेब म्हणायचे. स्वतःच्याच पोटाबद्दल ते शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगायचे.

पोळी पचली. दूध पचलं नाही, दही पचलं. मसुराची आमटी पचली, चण्याने मात्र सगळा डोंगर घुमला. आंबा अर्धी वाटी पचला. कांदा चिमूटभर घातला आणि भाऊसाहेबांना दुपारभर कुशीवर वळता आलं नाही.

"कांदा चोर," ते कण्हत म्हणाले.

"छान," मधुमती म्हणाली. "एक सापडला."

"तुम्हाला छान काय वाटतंय त्यात?"

"आता काकडीला तुरुंगातून सोडता येईल ना, मामंजी."

शेवटी मध. एक चमचा पचला. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी दोन मागितले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहूनच एकावर आले.

हळूहळू भाऊसाहेबांची कातडी भरली. केस चमकू लागले. ते सकाळी ओढ्यापर्यंत फिरून येऊ लागले. सासूबाई कौतुकाने बघायच्या आणि म्हणायच्या, "सोडण्याचं तेज आहे हे." मधुमती भाऊसाहेबांकडे बघायची. भाऊसाहेब गाजराकडे बघायचे.

"मामंजी, सांगताय ना?"

"सांगतो की. वेळ बघून."

वेळ यायच्या आधी माकडं आली.

माकडांचं एक मंडळ होतं. ते दर वर्षी कुणाचा तरी सत्कार करायचं. यंदा भाऊसाहेबांना 'अल्पाहारभूषण' पदवी द्यायचं ठरलं होतं. सोहळा भाऊसाहेबांच्याच अंगणात, अध्यक्ष सिंहमहाराज.

"फक्त एक विनंती आहे," मुख्य माकड म्हणालं. "सत्कारमूर्तींनी व्यासपीठावर आणखी एखादी गोष्ट सोडावी. लोक त्यासाठीच येतात."

"गाजर सोडतो," भाऊसाहेब चटकन म्हणाले.

आत्याबाई त्या दिवशी मुक्कामाला होत्या. "गाजराला कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या. "भात सोड, भाऊ. पेज सोड. भात सोडणारं अस्वल या जंगलात झालेलं नाही."

"पण वन्सं," सासूबाई म्हणाल्या, "मग हे खातील काय?"

"ऋषी हवेवर राहायचे."

सासूबाईंनी पदराचं टोक हातात धरलं आणि ते पिळत राहिल्या. पण घराण्यात कुणी सोडतो म्हणाला तर बायकोने नको म्हणायची रीत नव्हती. भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. भाऊसाहेबांनी तोंड मिटलं आणि झुडपामागे गेले.

मधुमतीला कळलं ते एवढंच. सगळ्यांसमोर सोडलेला भात मागच्या अंगणात परत आणता येणार नाही. हवेवरच राहायचं म्हटल्यावर उद्यापासून घरात चूल पेटवायलाच कारण उरणार नाही. आणि चूल नाही, तर पोळीही नाही.

सोहळ्याच्या सकाळी ती लवकर उठली. पुष्कळ कणीक मळली, पोळ्या भाजल्या आणि चुलीच्या उबेला झाकून ठेवल्या. सासूबाई मंडपात होत्या. कुणी विचारलं नाही.

अंगण गच्च भरलं. सिंहमहाराज बोलले. त्यांनी गहू सोडल्यापासून त्यांच्या गर्जनेत कसा फरक पडला, यावर ते बराच वेळ बोलले. मग मगर रडली. मग मुख्य माकडाने भाऊसाहेबांच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणालं, "आता तो क्षण."

ताम्हन धरायचा मान घरच्या सुनेचा. मधुमती पुढे आली. आत्याबाईंनी भाऊसाहेबांच्या ओंजळीत पाणी घातलं.

"म्हण, भाऊ."

"मी," भाऊसाहेब म्हणाले.

पोटात गडगडलं. पहिल्या रांगेतल्या सशांनी आभाळाकडे बघितलं.

"मी, आज, या ठिकाणी," भाऊसाहेब म्हणाले आणि सुनेकडे बघितलं. ते डोळे ढोलीपाशी मिटलेले होते तेच. पाणी बोटांतून गळायला लागलं होतं.

मधुमतीने ताम्हन मागे घेतलं.

"सूनबाई, पुढे धर," आत्याबाई दातांतून म्हणाल्या.

तिने ते आणखी मागे घेतलं आणि पाठीमागे धरलं. भाऊसाहेबांनी ओंजळीकडे बघितलं. पाणी सोडायला जागाच नव्हती. त्यांनी ओंजळ वर केली आणि पाणी पिऊन टाकलं.

टाळी वाजवायची की नाही, ते सभेत कुणालाच कळेना.

"याचा अर्थ काय समजायचा?" सिंहमहाराजांनी विचारलं.

"तहान लागली होती," भाऊसाहेब म्हणाले. आवाज बारीक होता, पण त्यांचा होता. "आणि माझं जेवण व्हायचंय. अक्का, मी पोळी खातो. रोज खातो. मध खातो, एक चमचा. कांदा नाही चालत. बाकी पुष्कळ चालतं."

आत्याबाई पाटावर बसल्या. मगर रडायची थांबली.

 सासूबाई भाऊसाहेबांच्या जवळ आल्या. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सुरकुती नव्हती.

"पोळी खाल्लीत? आणि काही झालं नाही?"

"नाही."

"आंबा?"

"अर्धी वाटी."

"तुम्ही खाल्लात," सासूबाई म्हणाल्या. "मी दोन उन्हाळे चाखलासुद्धा नाही." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं की भुकेचं, ते त्यांनाही नीट कळलं नाही.

सगळे आता मधुमतीकडे बघायला लागले. आत्याबाई सासूबाईंच्या कानाशी वाकल्या. त्या हळू आवाजात बोलल्या. तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"म्हटलं नव्हतं मी? सगळं पचतं हिला."

मधुमतीने ताम्हन खाली ठेवलं. आत्याबाईंच्या पदराला एक ओळखीचा वास येत होता. टेकडीमागून वारा आला की तो घरापर्यंत यायचा, तळलेल्या कांद्याचा. तिला तो पहिल्या दिवसापासून यायचा. ती बोलली नव्हती, एवढंच.

ती बोलली ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, कारण तीसुद्धा अस्वलच होती.

"हो, आत्याबाई. पचतं मला. तुमच्यासारखंच. उठा, पोळ्या गरम आहेत तोवर बसून घेऊ सगळे."

तात्पर्य: बाळांनो, चारचौघांत नेहमी नाजूक पोटाचं असावं, म्हणजे मान मिळतो, शाल मिळते, आणि सिंहसुद्धा आपल्याविषयी बोलतो. मात्र घरात एक तरी सून अशी आणावी जिला सगळं पचतं. तिच्याबद्दल बाहेर बोलू नये. आणि वैद्य बोलत असताना तांब्या आणायला जाऊ नये. तांबं-पितळ कुठे पळून जात नाही, वाक्याचा दुसरा अर्धा भाग जातो.